रोग छातीत, तपासणी पोटाची?

नात चार वर्षांची आहे. तीन आठवड्यांपासून खोकला आहे, वजनही उतरलंय. घरात आजोबांना टीबीची औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी तपासायला सांगितलंय. छातीच्या आजाराला पोटातलं पाणी कशाला?
– एक आजी, नाशिक

कारण एवढ्या वयाच्या मुलांना बेडका थुंकता येत नाही. खोकल्याबरोबर वर आलेला कफ ती गिळून टाकतात. रात्रभर गिळलेला हा कफ पहाटे जठरात साठलेला असतो, तोच नळीनं काढायचा.

यात सगळा खेळ वेळेचा आहे. आधी किमान चार तास पोटात काही नको, पाणीसुद्धा नको. मूल अंथरुणातून उठण्याआधीच नळी घालायची. ते उठून हिंडू लागलं की जठर रिकामं व्हायला लागतं. म्हणून बहुतेक ठिकाणी आदल्या रात्री दाखल करून घेतात. घरून चहा-बिस्किट खाऊन दहा वाजता ओपीडीत आणलेल्या मुलाचा नमुना म्हणजे निव्वळ हेलपाटा.

सिरिंजनं ५ ते १० मिली पाणी ओढतात. काहीच आलं नाही तर तेवढंच निर्जंतुक सलाइन आत सोडून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा ओढतात. पुढची चूक इथे होते: जठरातल्या आम्लानं टीबीचे जंतू मरतात. नमुना चार तासांत लॅबमध्ये हाताळला जाणार नसेल, तर बाटलीत सोडियम बायकार्बोनेट घालावंच लागतं. ते घातलंय का, आणि बाटलीवर नमुना घेतल्याची वेळ लिहिलीय का, हे सिस्टरना जरूर विचारा. त्यात गैर काही नाही. सहसा लागोपाठ दोन दिवस सकाळी नमुना घेतात.

तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (जंतूंचा डीएनए शोधणारी यंत्रं) होते. (ट्रूनॅटचं मशीन आपल्या गोव्यातलं.) सरकारी टीबी कार्यक्रमात ती मोफत आहे. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलीमागे पाच ते दहा हजार जंतू लागतात. लहान मुलांच्या टीबीत ते मुळातच थोडे असतात, त्यामुळे नुसत्या त्या तपासणीवर विसंबू नये. सीबीनॅटला मिलीमागे शे-दीडशे जंतूही पुरतात, शिवाय रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. तरीही 'निगेटिव्ह' म्हणजे 'टीबी नाही' असं मुलांमध्ये म्हणता येत नाही. एक्स-रे, माँटू (टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी), उतरलेलं वजन आणि घरातला रुग्ण हे सगळं धरून डॉक्टर औषधं सुरू करू शकतात. कल्चरचा (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) अंतिम रिपोर्ट यायला सहा आठवडेही लागतात. तोवर थांबायचं की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

नळी नकोच असेल, तर सलाइनची वाफ देऊन कफ काढता येतो. शौचाच्या नमुन्यावर सीबीनॅट करण्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आहे. तुमच्याकडे सोय आहे का, विचारून घ्या. आणि जाताना आजोबांचा रिपोर्ट न्यायला विसरू नका. नातीला संसर्ग त्यांच्याकडूनच झाला असण्याची शक्यता मोठी. त्यांचे जंतू औषधाला दाद देत नसतील, तर नातीची औषधंही बदलावी लागतील. घरात पाच वर्षांखालचं आणखी कुणी असेल, तर त्याचीही तपासणी करून घ्या.

दोन वर्षांच्या मुलाला सर्दी-ताप. नाकाच्या स्वॅबच्या महागड्या तपासणीत 'ऱ्हायनोव्हायरस पॉझिटिव्ह' आलं, सीआरपीही वाढलेलं. अँटिबायोटिक द्यायचं का?
– एक वाचक, ठाणे

नुसत्या या दोन कागदांवरून नाही. ऱ्हायनोव्हायरस हा सर्दीचाच विषाणू, तो सर्दी बरी झाल्यावरही दोन-तीन आठवडे सापडतो, अगदी ठणठणीत मुलांच्या नाकातही सापडतो. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) काही विषाणूंनीही वाढतं, अॅडिनोव्हायरसनं तर चांगलंच. त्यापेक्षा मूल झोपलेलं किंवा शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, आकडा चुकतो. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद, न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकड्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या.

मुलगी सात वर्षांची. घसा दुखत होता, अझिथ्रोमायसिनचे दोन डोस झाल्यावर घशाचा स्वॅब दिला. रिपोर्टमध्ये 'ग्रोथ नाही'. म्हणजे जंतू नव्हतेच?
– एक वाचक, सांगली

असं म्हणता येत नाही. औषध पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू बहुधा उगवत नाहीत. स्वॅब पहिल्या डोसच्या आधी घ्यायचा. दोन्ही टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत घासायची. जीभ किंवा गाल लागला तर लाळच जास्त येते. कल्चरला एक-दोन दिवस लागतात. स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीत नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाती तापापासून (या घसादुखीनंतर हृदयाला इजा करू शकणारा आजार) बचाव होतो, त्यामुळे रिपोर्टसाठी दोन दिवस थांबायला हरकत नव्हती. आता पुन्हा स्वॅब देऊ नका, डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करा.