सरकारी पैसा आणि बातमीवरचा भरवसा

प्रश्न : दूरदर्शन व आकाशवाणीच्या बातम्या सत्ताधाऱ्यांकडे झुकलेल्या असतात, ही टीका प्रत्येक सरकारच्या काळात होते, मात्र सत्ता पालटली की टीका करणारे आणि बचाव करणारे यांची अदलाबदल होते. मग ही तक्रार निव्वळ राजकीय समजून सोडून द्यावी का?

उत्तर : सोडून देऊ नये. तक्रार करणारे बदलत असले तरी तक्रारीचे मूळ व्यवस्थेतच असून ते कोणत्याही सरकारने मनापासून उपटलेले नाही. आणीबाणीतील अनुभवानंतर वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्त प्रसारण न्यासाची शिफारस केली, दूरदर्शन व आकाशवाणी ज्या स्वायत्त संस्थेकडे सोपवायची, त्या प्रसार भारतीचा कायदा संमत झाला १९९० मध्ये आणि तो अमलात यायला १९९७चा सप्टेंबर उजाडला. एवढ्या काळात केंद्रात निरनिराळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली.

या कायद्याचे कलम १२ मोठे आश्वासक आहे. नागरिकांना मुक्त, सत्य व वस्तुनिष्ठ माहिती द्यावी, परस्परविरोधी मते मांडावीत आणि स्वतःच्या कोणत्याही विचारसरणीचा पुरस्कार करू नये, असे ते बजावते. कलम २३ मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी एखादे प्रसारण करण्याचे किंवा न करण्याचे निर्देश देण्याची मुभा केंद्र सरकारला देते. तरीही माझ्या मते खरी अडचण या कलमात नसून तिजोरीच्या किल्लीत आहे. पगारापासून यंत्रसामग्रीपर्यंत बहुतांश खर्च सरकारी अनुदानावर चालत असेल, तर लेखी निर्देश काढण्याची वेळच येत नाही. कोणती बातमी वर घ्यायची आणि कोणती शेवटी ढकलायची, हे वृत्तकक्षात न सांगताच कळते.

म्हणून बातमीपत्र ऐकताना निवेदकाच्या शब्दांइतकेच आवाजांकडेही लक्ष द्यावे. मंत्र्यांचे म्हणणे त्यांच्याच आवाजात ऐकवले जाते आणि विरोधकांचे मात्र निवेदक एका वाक्यात उरकतो, असे महिनोन्‌महिने घडत असेल, तर प्रत्येक वाक्य खरे असूनही बातमीपत्र एकांगी ठरते.

नियम लेखी असले की काय फरक पडतो, हे निवडणुकीत दिसते. १९९८ पासून मान्यताप्राप्त पक्षांना या माध्यमांवर मोफत वेळ मिळतो. सर्वांना समान मूळ वेळ आणि त्यावर आधीच्या निवडणुकीतील कामगिरीनुसार वाढीव वेळ, असे त्याचे सूत्र आहे. त्यामुळे कोणाला किती मिनिटे, हा प्रश्न कोणाच्या मर्जीवर राहत नाही. जर्मनीत तेथील घटना न्यायालयाने २०१४ मध्ये सार्वजनिक प्रसारकाच्या देखरेख मंडळांतील शासनाशी संबंधित सदस्यांचे प्रमाण एक तृतीयांशापुरते मर्यादित केले. आपल्याकडेही नेमणुकांना अशी मर्यादा आणि अनेक वर्षांसाठी आधीच ठरवून दिलेला निधी, या दोन गोष्टींची मागणी आपल्या पसंतीचा पक्ष सत्तेत असतानाही आपण केली पाहिजे.