मीटिंगचा पत्ता बघायच्या आधी घड्याळ बघा

“मॅडम, जाऊन आलो मीटिंगला. ते आपल्याला जमणारं नाही.” खुर्चीत टेकायच्या आधीच ते बोलून मोकळे झाले. वय 41, चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सोबत बायको होती. ती काहीच बोलली नाही.

दारू सोडायला निघालेल्या माणसांकडून हे वाक्य मी फार वेळा ऐकते. घरच्यांच्या आग्रहाखातर माणूस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू इच्छिणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाच्या, म्हणजे ए.ए.च्या, एका सभेला जातो, तिथे मन रमत नाही, आणि मीटिंग हा प्रकारच आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकतो. मी म्हटलं, “दादा, नेमकं काय जमलं नाही ते सांगा.”

कोणीतरी कॅम्पातला पत्ता दिला होता. दोन बस बदलून रविवारी सकाळी गेले, तर चर्चच्या आवारातली खोली आणि सगळे इंग्रजीत बोलणारे. “चर्च बघूनच धस्स झालं. वाटलं, आता आपल्याला बाटवतात की काय.” ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. या माणसाने दोनदा माळ घातली होती, दोन्ही वेळा ती तुटल्याचं ओझं मनावर होतं. त्यांना सांगितलं, ए.ए.ला जी खोली परवडते ती ते घेतात. कधी चर्चची, कधी शाळेची. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलून टिकले, तिथून हे सुरू झालं. ए.ए.त ज्या ‘उच्चशक्ती’वर भरवसा ठेवायला सांगतात, ती कोणाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, तुमचा विठोबा चालतो. फी नाही, शेवटी पिशवी फिरते, त्यात जमेल ते टाका किंवा टाकू नका. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी.

मग मी विचारलं, “तुम्ही पिता किती वाजता?”

ते गोंधळले. मी कागद पुढे केला. पहिली शिफ्ट असली की साडेतीनला सुटका, घरी येऊन झोप, आणि साडेसहाला “जरा चौकातून येतो.” दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात रात्री बारानंतर; त्यासाठी क्वार्टर दुपारीच घेऊन डब्याच्या पिशवीत ठेवलेली. रविवारी सकाळी मात्र त्यांना प्यावंसं वाटतच नव्हतं. म्हणजे तहान नसताना विहिरीवर जाऊन आले होते!

मीटिंग शोधताना लोक पत्ता बघतात. मी म्हणते, पाय गुत्त्याकडे वळतात तीच वेळ बघा. संध्याकाळी साडेसहा ते आठ हा दीड तास खुर्चीत बसून निघाला, तर त्या दिवसाचं निम्मं काम झालं. त्यानंतर भाषा. बायकोवर हात उचलला हे ज्या भाषेत कबूल करता येईल, त्याच भाषेतली सभा हवी.

पण त्याही आधी डॉक्टर. ते म्हणत होते, “उद्यापासून एकदम बंद.” रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. म्हणून आधी औषधोपचार, मग मीटिंग. डॉक्टर कुठे शोधायचा हे कळत नसेल, तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर विचारता येतं.

दुसरी सभा मराठी होती. घरापासून चार स्टॉप दूर, कारण ओळखीचं कोणी भेटायला नको होतं. संध्याकाळी सात, महापालिकेच्या शाळेचा वर्ग, मुलांचे बुटके बाक. तिथे कोण काय बोललं ते त्यांनी मला सांगितलं नाही, ते तिथेच राहतं. चहाचं मात्र सांगितलं. हात अजून थरथरत होते. चहा देणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि काही न बोलता कप अर्धाच भरला. “सांडला नाही मॅडम,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तोही गट पूर्ण रुचला नाही. तिसरा पाहिला, तो रुचला. निकाल लावायच्या आधी निदान पाच-सहा सभा बघा, असं मी सगळ्यांनाच सांगते. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यासाठी सकाळची एक सभा, आणि बारा वाजता फोन उचलतील अशा दोन जुन्या सभासदांचे नंबर.

ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांच्यासोबत बसायचं होतं, लक्ष ठेवायला. खुल्या सभेला घरचे येऊ शकतात, बंद सभेला फक्त दारू सोडू इच्छिणारे. मी त्यांना अल-अ‍ॅनॉनकडे पाठवलं, तो घरच्यांचाच गट. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. तिथे त्या पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलल्या.

दिवाळीच्या बोनसला ते घसरले. शरमेने तीन दिवस गटाकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाचा फोन आला, “आज सातला येताय ना?” गेले.

परवा त्यांनी मला फोन केला. “मॅडम, जनरल शिफ्ट लागली. साडेपाचला सुटतो, आणि कंपनीच्या गेटसमोरच दुकान आहे. त्या बाजूला सहाची मीटिंग कुठे असते?”