थंडीत सकाळी मारुती ८०० स्लोला मिसिंग करते, काय बघू?

खानापूरच्या थंडीत कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) मारुती सकाळी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, मिसिंग म्हणजे फट् फट् करते, गरम झाली की बरी चालते, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी चोक बघा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवा अडवणारी झडप. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं. चोक हवा अडवून ती उणीव भरून काढतो. एअर फिल्टर काढून कुणाला तरी चोक ओढायला सांगा, झडप पूर्ण मिटली पाहिजे. आमच्या पावसात केबल गंजून अर्ध्यावर अडकते, मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय. नंतर इंजिनाला जोडलेले व्हॅक्यूमचे (हवा ओढणारे) रबरी पाइप चिरलेत का ते बघा, आणि ठिणगी देणारे प्लगही बघा. आवाज दबावा म्हणून स्लो मात्र वाढवू नका. आणि बंद शेडमध्ये गाडी तापवू नका हो, तो धूर जीवघेणा असतो.