वहीतली झाडं बेटावर का सापडत नाहीत?

प्रश्न : मावशी, फोर्टनाइट या ऑनलाइन गेममध्ये विंटरफेस्टचं, म्हणजे नाताळच्या उत्सवाचं चॅलेंज आलंय. वेगवेगळ्या ठिकाणी नाताळच्या झाडांसमोर नाचायचं. मी एक व्हिडिओ बघून नऊ झाडांची यादी वहीत उतरवली. त्यातली दोनच मिळाली, तीही भलत्याच जागी. यादीतलं पॅराडाइज पाम्स हे ठिकाण तर नकाशावर दिसतच नाही. दुसऱ्या झाडासमोर चार वेळा नाचलो, आकडा हलत नाही. शोधेपर्यंत कुणीतरी मारतं. सुट्टी संपत आली. माझ्या फोनचं काही बिघडलंय का?
— आठवीतला वाचक, साखर पेठ, सोलापूर (डिसेंबर 2019)

उत्तर : फोन ठणठणीत आहे रे. तुझी यादी गेममधल्या जुन्या बेटाची आहे. नऊ झाडांचं चॅलेंज 2018 च्या डिसेंबरातलं. यंदा, 2019 मध्ये, 13 ऑक्टोबरला रात्री ते बेट कृष्णविवरात गडप झालं आणि 15 तारखेला उघडलं ते नवंकोरं बेट. पॅराडाइज पाम्स त्यात नाहीच. खरी फसगत करतात ती प्लेझंट पार्क, सॉल्टी स्प्रिंग्ज आणि रिटेल रो. नावं तीच, जागा बदललेल्या. तुझी दोन झाडं 'भलत्याच जागी' निघाली ती त्यामुळेच.

मी तुझ्याहून लहान असताना असंच फसले होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या सात उंच काठ्यांबरोबर गावातल्या अडुसष्ट शिवलिंगांना जायचं, पण त्याआधी आपली आपण सगळी शोधायची, असा हट्ट धरला. शेजारच्या काकूंच्या वहीतून खुणा उतरवून घेतल्या. एका लिंगापुढे लिहिलं होतं, 'पिंपळाशेजारी'. आम्ही दोघी मैत्रिणी दुपारभर पिंपळ शोधतोय. पिंपळ कधीचाच तोडलेला! उरला होता नुसता पार, त्यावर कुणीतरी गोधड्या वाळत घातलेल्या. यण्णीमज्जनाच्या, म्हणजे लिंगांना तेल लावायच्या दिवशी आजोबा बाराबंदी घालून निघाले, मी त्यांचं बोट धरून. त्याच पाराशी सातही काठ्या आल्या, आणि मागच्या पत्र्याच्या शेडला वळसा घालून आजोबांनी मला लिंग दाखवलं. तेलानं काळंभोर, कपाळावर ताजं कुंकू. दोन हातांवर होतं आणि आम्ही चार वेळा तिथून परतलो होतो.

तेव्हा वहीचं नवं पान काढ. या नव्या बेटावर नकाशात ठळक नाव असलेली तेरा ठिकाणं आहेत, ती लिही. झाडं अशाच वस्त्यांत आहेत. वाटेत एखाद्या जागी पोचलं की स्क्रीनवर नाव झळकतं, पण नकाशात ते उमटत नाही. ते नुसते लँडमार्क, तिथे वेळ घालवू नकोस. एका वस्तीचं झाड एकदाच मोजलं जातं, म्हणून तू चार वेळा नाचलास तरी आकडा जागचा हलला नाही. नाचून झालं की त्या नावावर काट मार आणि पुढच्या वस्तीकडे नीघ.

मरण्याचं म्हणशील तर एकट्यानं खेळायचा सोलो प्रकार सोड आणि दोन गटांचा टीम रंबल खेळ. वीस विरुद्ध वीस असतात, मेलास तरी पुन्हा आकाशातून खाली येतोस. बेटावर सोडणाऱ्या उडत्या बसमध्ये असतानाच नकाशा उघडून तिच्या मार्गाची रेघ बघ आणि रेघेजवळच्या वस्तीवर खूण कर. माझी मुलगी आधी बंदूक शोधायची आणि झाडाशी पोचायच्या आत बाद व्हायची. आता ती थेट झाडापाशीच उतरते, नाचते, मग बंदुकीचं बघते. एकदा आकडा वाढला की त्यानंतर मेलास तरी तो कमी होत नाही, पुढच्या मॅचला तिथूनच चालू. एका मॅचमध्ये दोन झाडं झाली तरी पुष्कळ. लांबची वस्ती आधी घे, नाहीतर चहूबाजूंनी आवळत येणारं वादळ ती गिळून टाकतं.

नाचण्यासाठी व्ही-बक्सचे, म्हणजे गेममधल्या नाण्यांचे पैसे मागू नकोस हं घरी. सगळ्यांना फुकट मिळालेला साधा नाचही चालतो.

आणि गेममधल्या विंटरफेस्टच्या लॉजमधल्या चौदा भेटी उघडतोयस ना? त्यांचा झाडांशी संबंध नाही, चॅलेंज अडलं तरी त्या मिळतातच. आधी ती आजची भेट उघड, मग प्लेझंट पार्कला उतर.