बाजारभावाच्या तक्त्यातून नको असलेल्या ओळी आणि स्तंभ पायथनमध्ये कसे वगळावेत?

बाजार समित्यांच्या दैनिक भावांच्या सीएसव्ही फाइलमधून फक्त कापूस आणि तूर ठेवायची आहे, पण मधूनच तारखेच्या ओळी, पुन्हा आलेली शीर्षके, ‘एकूण’ची ओळ आणि शेवटी रिकामे स्तंभ येतात, असे आपण लिहिले आहे. हिंगणघाट भागातील आमच्या शेतकरी गटासाठी मी अशाच फाइल हाताळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण ओळींचे क्रमांक देऊन त्या ‘ड्रॉप’ करता, ती पद्धत सोडावी. एखाद्या समितीत सुटीमुळे लिलाव झाला नाही की सगळे क्रमांक सरकतात आणि चांगली ओळ पुसली जाते, तीही कोणतीही सूचना न येता. काय काढायचे यापेक्षा काय ठेवायचे याची अट लिहिणे अधिक सुरक्षित असते.

स्तंभांचे काम सोपे आहे. पांडाजमध्ये (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) फाइल वाचतानाच ‘यूजकॉल्स’मध्ये (usecols) हव्या त्या स्तंभांची नावे द्यावीत, त्यांपैकी एखादे नाव फाइलमध्ये नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबतो, आणि तसे थांबणे आपल्या हिताचेच आहे.

ओळींसाठी शेतमालाच्या स्तंभावर आधी ‘स्ट्रिप’ चालवून कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि मग ‘इजइन’ने (isin) नेमकी नावे जुळवावीत. नावात कुठेही ते अक्षर आले तरी जुळवणाऱ्या ‘कंटेन्स’ने (contains) ‘तूर’ शोधल्यास तूर डाळही येते, आणि तोच शोध बाजार समितीच्या स्तंभावर लागला तर लातूरच्या सगळ्या ओळी येतात, मग शेतमाल कोणताही असो. नेमक्या नावांच्या अटीत तारखा, शीर्षके आणि ‘एकूण’ आपोआप गळतात, मात्र ‘तुर’ असे ऱ्हस्व लिहिलेली ओळही गळते, म्हणून प्रत्यक्ष आढळणारी सर्व रूपे यादीत घालावीत.

दराच्या स्तंभातील मजकुराचे आकडे करण्यासाठी ‘टू न्यूमेरिक’ (to_numeric) लावताना ‘एरर्स’ला ‘कोअर्स’ (errors='coerce', म्हणजे आकडा न होणारे रिकामे करा) दिले, तर ७,२०० मधल्या स्वल्पविरामामुळे ती किंमतसुद्धा रिकामी होते आणि पुढे रिकाम्या किमतीच्या ओळी काढणारे ‘ड्रॉपएनए’ (dropna) ती खरी ओळ फेकून देते. त्यामुळे स्वल्पविराम आधी काढावेत.

अट एका चलात साठवावी, म्हणजे तिच्यापुढे टिल्ड चिन्ह (~, म्हणजे अट उलटी करणे) लावून वगळलेल्या ओळी वेगळ्या काढता येतात. त्यांतील शेतमालाच्या नावांवर प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोजणारे ‘व्हॅल्यू काउंट्स’ (value_counts) चालवल्यास चुकून सुटलेली रूपे लगेच दिसतात, आणि हे मी प्रत्येक नव्या फाइलसाठी करतो.