परदेशात बसवलेली दाढ हलू लागली तर कोल्हापुरात काय करावे

ताई, आपल्या आईंनी बहिणीकडे जर्मनीत असताना हंगेरीतल्या बुडापेस्टला जाऊन दोन इम्प्लांट बसवून घेतले, दीड वर्षाने त्यांतली एक दाढ हलू लागली आणि राजारामपुरीतल्या दोन डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला, असे आपण लिहिले आहे. त्या डॉक्टरांवर रागावू नका. चार वर्षांपूर्वी मीही रागावलो होतो. माझी दाढ बँकॉकची होती, एवढाच फरक.

हाडात टायटॅनियमचा खिळा, त्यावर जोडभाग आणि वर कॅप अशी इम्प्लांटची रचना असते, आणि ती धरून ठेवणाऱ्या बारीक स्क्रूचा पेचकस कंपनीनुसार बदलतो. स्ट्रॉमन या कंपनीच्या स्क्रूला चांदणीसारखी खाच असते, तर अनेक कोरियन कंपन्यांच्या स्क्रूला षटकोनी. चुकीच्या पेचकसाने खाच झिजली, तर सोपे काम अवघड होऊन बसते. म्हणून कंपनी ठाऊक नसताना दाढेला हात न लावणारा डॉक्टर मला तरी शहाणाच वाटतो.

तेव्हा आधी कागद शोधा. इम्प्लांटच्या डबीवरचे, कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असलेले स्टिकर बहुधा एका छोट्या कार्डावर चिकटवून देतात. माझे पासपोर्टच्या पाकिटात, बोर्डिंग पासमागे सापडले. आपले सापडले नाही, तर बहिणीला त्या क्लिनिककडे ईमेलने संपूर्ण नोंदींची प्रत मागायला सांगा. युरोपीय न्यायालयाच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानुसार वैद्यकीय नोंदींची पहिली प्रत रुग्णाला विनामूल्य मिळते, आणि तो खटला एका दंतरुग्णाचाच होता. मात्र स्कॅनच्या मूळ डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या) फाइल मागा, स्क्रीनचे मोबाइलवर काढलेले फोटो नकोत.

मग कृत्रिम दातांत एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेल्या डॉक्टरांकडे जा. खाजगीत कुणी मिळाले नाही, तर नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. नुसती कॅप हलते की हाडातला खिळाच, हे तपासणी आणि एक्स-रेवरून कळेल. खिळाच हलत असेल, तर तो बहुधा काढावा लागतो. माझा फक्त स्क्रू ढिला होता. डॉक्टरांनी कॅपच्या माथ्यावरचे पांढरे सिमेंट कोरले, आतून नळाला गुंडाळतात तसलीच टेफ्लॉनची पट्टी ओढून काढली, नवा स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आवळला आणि भोक पुन्हा बुजवले. वीस मिनिटांचे काम, पण कार्ड नसते तर झाले नसते.

बुडापेस्टच्या हमीपत्राचा विषय इथल्या डॉक्टरांपुढे काढू नका. ती हमी त्यांची नाही, त्यांच्या कामाचे पैसे वेगळे द्यावेच लागतील. हिरडीतून पू किंवा रक्त येत असेल, तर मात्र कागदांची वाट न पाहता उद्याच दाखवा. तोपर्यंत आईंना त्या बाजूने चावू देऊ नका, कारण ढिल्या स्क्रूवर चावत राहिल्यास तो आतच तुटू शकतो. तांबडा-पांढरा रस्सा चालेल. नळी मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताटात वाढा.