अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स अॅडव्होकसी सेंटरमध्ये काम करायचंय, तर

तू ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही तूच म्हणते. तुझा प्रश्न असा: नवऱ्याची टेक्सासला बदली झालीय, तू एमएसडब्ल्यू, नागपुरात पाच वर्षं पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) केसेसमध्ये मुलांना साथ देणारी सपोर्ट पर्सन होतीस, आणि इथल्या चिल्ड्रन्स अॅडव्होकसी सेंटरमध्ये, म्हणजे अत्याचार झालेल्या मुलांना एकाच छताखाली मदत देणाऱ्या केंद्रात, नोकरी हवी तर निघण्याआधी ‘अक्रेडिटेशन’ (अधिकृत मान्यता) कसं मिळवायचं? सोबत एका ऑनलाइन कोर्सची जाहिरातही पाठवलीस. त्या कोर्सला एक रुपयाही भरू नकोस.

अक्रेडिटेशन माणसाला नसतं, सेंटरला असतं. ते नॅशनल चिल्ड्रन्स अलायन्स ही अशा सेंटर्सची राष्ट्रीय संघटना देते आणि दर पाच वर्षांनी सेंटरला पुन्हा तपासणी द्यावी लागते. अशी सेंटर्स सुरू झाली 1985 मध्ये, अलाबामातल्या हंट्सव्हिलला. तिथले सरकारी वकील बड क्रेमर यांच्या लक्षात आलं की मूल तीच गोष्ट पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना पुन्हा पुन्हा सांगतंय आणि दर वेळी जास्त खचतंय. आपल्याकडे ठाणं, इस्पितळ, बाल कल्याण समिती, मॅजिस्ट्रेट अशी फरफट तू पाहिली आहेसच. इथे मूल एकाच ठिकाणी येतं आणि बाकीचे सगळे त्याच्याकडे येतात.

म्हणून अक्रेडिटेशनची पहिली अट टीमची. पोलिस, बालसंरक्षण खातं, सरकारी वकील, डॉक्टर, मानसोपचार आणि पीडित साहाय्य या सगळ्यांचा लेखी, सह्या केलेला करार लागतो आणि केसेसवर नियमित एकत्र बसावं लागतं. दुसरी अट मुलाखतीची. फोरेन्सिक इंटरव्ह्यू, म्हणजे तपासासाठी मुलाची रेकॉर्ड केलेली मुलाखत, घेणाऱ्याला किमान 32 तासांचं प्रशिक्षण हवं. ते झालं की संपलं असं नाही. सहकारी तुमचं रेकॉर्डिंग लावून प्रश्न न् प्रश्न तपासतात, कुठे तुम्ही मुलाच्या तोंडी शब्द घातलात ते दाखवतात. मुलाखत चालू असताना टीम दुसऱ्या खोलीत बसून पाहत असते.

तुझ्या अनुभवाला जवळचं काम म्हणजे व्हिक्टिम अॅडव्होकेट. इथे अॅडव्होकेट म्हणजे वकील नव्हे. कुटुंबाचा हात धरून शेवटपर्यंत सोबत राहणारी व्यक्ती. त्याला 24 तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि ते बहुतेक वेळा नोकरी लागल्यावर सेंटरच करून घेतं. थेरपिस्ट व्हायचं असेल तर मात्र वाट लांबची आहे: आपली पदवी सीएसडब्ल्यूई या इथल्या समाजकार्य शिक्षणाच्या परिषदेकडून तपासून घ्यायची, मग राज्याचा परवाना, शिवाय पुराव्यावर आधारलेल्या उपचारपद्धतीचं 40 तासांचं प्रशिक्षण.

आता जे मला सगळ्यात जड गेलं ते सांगते, कारण तुलाही जाईल. माझ्या पहिल्याच महिन्यात वेटिंग रूममध्ये एक छोटी मुलगी खडू घेऊन रंगवत बसली होती. रंगवता रंगवता, मान वर न करता, तिने एक वाक्य टाकलं. ‘मग?’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पुण्यात असते तर जवळ घेऊन विचारलंच असतं. इथे मी फक्त म्हटलं, ‘तू मला सांगितलंस ते बरं केलंस,’ आणि तिचेच शब्द जसेच्या तसे लिहून टीमला दिले. विचारणारी मी नव्हे, ते काम मुलाखत घेणाऱ्याचं. माझा एक प्रश्न कोर्टात ‘हिनेच पढवलं’ म्हणायला पुरतो. आपल्याकडे एकटीने धीर देणं, विचारणं, लिहिणं, समितीपुढे नेणं सगळं केलेलं असतं. ही सवय मोडताना जीव तुटतो.

तपासणीला माणसं प्रत्यक्ष येतात. आमच्याकडे आलेल्या बाईंनी मला मुलाखतीच्या खोलीत जाऊन नेहमीच्या आवाजात बोलायला सांगितलं आणि स्वतः बाहेर सोफ्यावर बसून ऐकलं. शब्द कळत होते. दाराला फटीबंद पट्टी लावून घ्यावी लागली. आरोपी आणि मूल समोरासमोर येणार नाहीत ना, थांबलेली मुलं कायम कुणाच्या नजरेत आहेत ना, हेही पाहिलं. भाषेचीही अट आहे: इंग्रजी न येणाऱ्या कुटुंबाला दुभाषी द्यावाच लागतो, घरच्या मुलांना दुभाषी करायचं नाही. मराठी, हिंदी येणारी तू तिथे लाखमोलाची आहेस. अर्जात ते वरच लिही.

निघण्याआधी काय करायचं? पासपोर्ट ऑफिसातून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेव. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पार्श्वभूमी इथे तपासतात. संस्थेकडून अनुभवाचं पत्र घे, पण ‘समाधानकारक काम’ असलं मोघम नको. किती मुलांसोबत, कोर्टात किती वेळा, कोणत्या कायद्याखाली, असं नेमकं लिहून घे. मुलांची नावं कुठेही येऊ देऊ नकोस. विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात, दोन-तीन प्रती.

आणि व्हिसा. कंपनीने बदली केलीय म्हणतेस म्हणजे बहुधा एल-2, कंपनीने बदलीवर पाठवलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा. तसं असेल तर आय-94 वर, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीवर, एल-2-एस (एस म्हणजे जोडीदार) लिहिलंय ना ते उतरल्यावर लगेच बघ. त्यावर तुला काम करता येतं. एच-4 (एच-1बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर वर्क परमिट लागतं आणि ते नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया बरीच पुढे गेल्यावरच मिळतं. कोणता आहे ते कळव, मग पुढचं ठरवू.